क्लेगबाई, फेनसर आणि ओढ्याकाठची शाळा

एनिड क्लेग अकराव्या वर्षी नापास झाली, ती एका छत्रीमुळे.

आमच्या स्केल्बीत तेव्हा रीतच तशी होती. यॉर्कशरातलं लोकरीच्या गिरण्यांचं गाव, मधोमध एक ओढा. पोर अकरा वर्षांचं झालं की त्याला परीक्षेला बसवायचं. पास झालं तर ते ओढ्याच्या वरच्या अंगाला, दगडी कमानीच्या ग्रामर स्कूलमध्ये लॅटिन शिकायला जायचं. नापास झालं तर खालच्या अंगाच्या शाळेत, आणि तिथून थेट गिरणीत. एनिडच्या वर्षी निबंधाला विषय आला, ‘एका छत्रीचे आत्मवृत्त’. बाकीच्या पोरांनी छत्रीला वादळात नेलं, गाडीत विसरलं, म्हातारपणी माळ्यावर टाकून ढसाढसा रडवलं. एनिडने लिहिलं, “छत्री बोलत नाही. बोलत असती तर आम्ही ती घरात ठेवली नसती.” मग हाताची घडी घालून ती वेळ संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

“अगं, चार ओळी खोट्या लिहायला काय झालं होतं तुला?” तिचे वडील म्हणाले.

“छत्रीच्या नावावर?” एनिड म्हणाली.

वडिलांनी कपाळाला हात लावला. क्लेग घराण्यात डोकं होतं, पण ते वाकत नसे.

पुढे लढाई लागली आणि एनिड लष्कराच्या खानावळीत स्वयंपाकीण झाली. तिच्या हातचं जेवून पलटण आघाडीवर जायला उतावीळ झाली, असं गावात म्हणत. लढाई संपली तेव्हा देशात शिक्षकांचा दुष्काळ पडला होता. सरकारने वर्षभराच्या शिकवणीत जो मिळेल त्याचा मास्तर करायला सुरुवात केली. एनिडने अर्ज केला. आधी काय करत होतात, असं विचारल्यावर ती खरं तेच म्हणाली, “स्वयंपाक.” अशा रीतीने ती खालच्या अंगाच्या नव्या सेकंडरी मॉडर्न शाळेत गृहशास्त्राची बाई झाली. शाळा नवी म्हणजे नावालाच. लष्कराने सोडून दिलेल्या अर्धगोल पत्र्याच्या बराकी ओढ्याकाठी ओळीने मांडल्या होत्या. पाऊस आला की आत बाईंचं बोलणं पोरांना ऐकू यायचं नाही. पोरांना पाऊस फार आवडायचा.

क्लेगबाईंना स्वयंपाक येत नव्हता, ही गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती. बाईंना नव्हती. त्यांचा भर स्वच्छतेवर. ओटा असा घासायचा की त्यात भांग पाडता आला पाहिजे, फडक्याची घडी चारी कोपरे जुळवून, नखं बघितल्याशिवाय पिठाला हात नाही. या सगळ्यात तासाचा बराचसा भाग जायचा आणि उरलेल्या वेळात जे काही भट्टीतून निघायचं ते पोरं घरी न्यायची. घरचे लोक म्हणायचे, “वा, काय स्वच्छ आहे!” बाईंच्या वडिलांनी एकदा त्यांचा केक चहात बुडवला, काढला, पुन्हा बुडवला आणि विचारलं, “बाळ, हा कधी भिजतो, हे पुस्तकात दिलंय का?”

तरी पोरांचा बाईंवर जीव होता. बाई कुणाला मठ्ठ म्हणत नसत. “परीक्षा काय, मीही नापास आहे,” त्या म्हणत. “ऊठ, भांडी घास.”

ओढ्यापलीकडे मात्र वेगळंच जग. तिथले मास्तर काळे झगे घालून वाऱ्यात फडफडत हिंडायचे. वरच्यांनी खालच्यांना ‘पत्रेवाले’ म्हणायचं, खालच्यांनी वरच्यांना ‘वटवाघळं’. मधल्या ओढ्यावर पूल नव्हता, आणि तो का नाही असं कुणी विचारतही नव्हतं.

मग बहात्तर साली फर्मान आलं. यापुढे निवड नाही, परीक्षा नाही, सगळी पोरं एका शाळेत. ग्रामर आणि पत्रे मिळून ‘स्केल्बी कॉम्प्रिहेन्सिव्ह’. ओढ्यावर पूल टाकला. दोन्हीकडच्या हेडमास्तरांना वाटत होतं आपणच नव्या शाळेचे हेडमास्तर. दोघांनी नव्या खोलीत बसवायला आपापली खुर्चीही निवडून ठेवली होती. आला तिसराच. नॉटिंगहॅमहून आलेला दाढीवाला, कॉर्डरॉयचा कोट, वय चाळिशीच्या आत. पहिल्याच सभेत तो टेबलाच्या कडेवर बसला आणि म्हणाला, “मी कीथ बॅम्फर्ड. पण मला नुसतं कीथ म्हणा.”

दोन्हीकडचे मास्तर एकमेकांकडे बघू लागले. शेवटी क्लेगबाईच म्हणाल्या, “बरं, बॅम्फर्डसर.”

मास्तरांच्या खोलीत दोन किटल्या होत्या. खिडकीपाशी वटवाघळांची, दाराशी पत्रेवाल्यांची. साखर एकच, त्यामुळे साखरेसाठी तरी परक्या मुलखात जावं लागे. अशाच एका सकाळी वेळापत्रक भिंतीवर लागलं आणि वटवाघळांच्या कोपऱ्यातून एक आवाज आला. घशात काटा अडकल्यावर येतो तसा.

तो आवाज अँब्रोस फेन यांचा. फेनसर लॅटिन शिकवत. उंच, किडकिडीत, पन्नाशीचे, ब्रह्मचारी. नव्या शाळेत लॅटिन घ्यायला पोरंच उरली नव्हती. जी दोन-चार होती ती चुकीच्या खोलीत शिरलेली होती. तेव्हा कीथसाहेबांनी फेनसरांचे मोकळे तास भरून टाकले होते. वेळापत्रकात लिहिलं होतं, ‘गृहशास्त्र, मुलगे व मुली एकत्र. क्लेग. सहायक: फेन.’

फेनसर दाराच्या बाजूला आले. साखरेखेरीज दुसऱ्या कामासाठी ते प्रथमच तिकडे येत होते.

“क्लेगबाई,” ते म्हणाले, “काही तरी छपाईची चूक झालेली दिसते.”

“मलाही तसंच वाटतंय,” बाई म्हणाल्या. “मी सहायक मागितलाच नव्हता.”

“मी गेली तीस वर्षं सिसेरो शिकवतोय.”

“सिसेरोला ओटा पुसता यायचा का?”

“त्याच्याकडे गुलाम होते.”

“माझ्याकडे नाहीत. सोमवारी वेळेवर या. आणि तो झगा घरी ठेवा, गॅसच्या शेगड्या आहेत.”

फेनसर झगा घालूनच आले. हट्टच होता तो. पहिल्या तासाला पिठाचा डबा उघडताना झगा पंख्याच्या झोतात सापडला आणि तास संपेतो सर काळ्याचे पांढरे झाले. पोरं हसून लोळली. दुसऱ्या दिवशी झगा खुंटीवर होता आणि सरांनी बाईंचा जादा ॲप्रन बांधला होता, फुलाफुलांचा. त्यावर बाई काही बोलल्या नाहीत. तेवढी माणुसकी त्यांच्यात होती.

खरी पंचाईत पुढच्या आठवड्यात झाली. धडा होता पाईच्या, म्हणजे सारण भरून भाजलेल्या विलायती करंजीच्या, पारीचा. पिठात लोणी बोटांनी चोळायचं आणि ते वितळू द्यायचं नाही, एवढंच त्याचं मर्म. त्यासाठी हात थंड लागतात. क्लेगबाईंचे हात त्यांच्या स्वभावासारखे, सदा गरम. फेनसरांनी उभा जन्म ग्रामर स्कूलच्या बिनशेगडीच्या खोलीत खडू धरून काढलेला. त्यांचे हात म्हणजे दोन मासळ्या. त्यांनी सहज गंमत म्हणून पीठ हातात घेतलं. भट्टीतून जे निघालं ते सोनेरी होतं, पापुद्र्यापापुद्र्याचं होतं, आणि त्यावर पोरं तुटून पडली.

“सर, आणखी आहे?”

“सर, आईला नेऊ का?”

बाईंची पाई ओट्यावर तशीच राहिली. एकाने तिला नाइलाजाने सुरी लावली आणि सुरी वाकली.

“नशीब,” बाई म्हणाल्या. “नवशिक्याचं नशीब असतं.”

पण पुढच्या आठवड्यात पुडिंग झालं, त्याच्या पुढच्या आठवड्यात स्कोन झाले, आणि नशीब काही फेनसरांची पाठ सोडेना. दाराशी पोरं घुटमळू लागली, आणि फुटबॉलच्या संघातल्या दांडगट मुलांनी गृहशास्त्राला नावं घातली. फेनसर तर पार बदलले. वाटेत भेटेल त्याला ते लोण्याविषयी सांगू लागले.

क्लेगबाईंनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. काय सांगायचं ते पोरांमार्फत. “सरांना सांग, चाळणी जागेवर नाही.” सर तिथेच हातभर अंतरावर उभे. “बाईंना सांग, चाळणी त्यांच्या हातात आहे.” मधलं पोर बिचारं इकडून तिकडे मान फिरवून दमायचं.

घरी आल्यावर मात्र बाई स्वयंपाकघरात एकट्या बसून राहायच्या. इतकी वर्षं लोक आपला केक ‘नंतर खाऊ’ म्हणून पिशवीत का ठेवत होते, याचा त्यांना नव्याने उलगडा होत होता. हे दुःख मोठं होतं, पण ते कुणाला सांगायचं? म्हणून त्या ओटा घासायच्या.

अशात नोव्हेंबर आला आणि त्याबरोबर संस्थापकदिन.

ग्रामर स्कूल काढली ती पहिल्या राणी एलिझाबेथच्या काळात, टोबायस ग्राइम्स नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने. त्याच्या वखारीवर चोर आले असता अंगणातल्या हंसिणीने कलकलाट करून गाव जागं केलं, म्हणून त्याने शाळेला कुरण दिलं आणि अट घातली. दरवर्षी हेडमास्तराने सर्वांसमक्ष हंसिणीला कमरेतून वाकून वंदन करावं आणि प्रत्येक विद्यार्थ्याला पाईचा तुकडा द्यावा. न केल्यास कुरण वारसांना परत. हंसीण म्हणजे कवितेतली दूध आणि पाणी वेगळं करणारी नव्हे. जाडजूड, फेंगडी, घोट्याला चावणारी. वंदन झाल्यावर तिने उलट मान झुकवली तर वर्ष शुभ जातं, अशी समजूत. आजवर तिने कुणालाच मान झुकवली नव्हती. त्यावरून शाळेची साडेतीनशेच्या वर वर्षं कशी गेली असतील ते बघा.

“मी हंसिणीपुढे वाकणार नाही,” कीथसाहेब सभेत म्हणाले. “ही सरंजामशाही आहे.”

“मग फुटबॉल कुठे खेळणार?” कुणीतरी विचारलं. “कुरण जाईल.”

कीथसाहेबांनी दाढी खाजवली. “किती वाकावं लागतं?”

“कमरेतून,” वटवाघळं एका सुरात म्हणाली.

पाईचं काम अर्थातच गृहशास्त्राकडे आलं. पूर्वी ग्रामरची मूठभर पोरं. आता दोन्ही अंगांची मिळून जत्रा. फेनसर आणि त्यांचे फुटबॉलवाले आठवडाभर पारी लाटत होते. क्लेगबाईंनी मनाशी ठरवलं की सरांची पाई सरांना लखलाभ, पाहुण्या बिशपसाठी आपण केक करायचा. असा करायचा की पुन्हा कुणी पिशवीत ठेवणार नाही. शेजारणीने सांगितलं होतं, “एनिड, मनुका रममध्ये भिजत घाल, केक मऊ होतो.” बाईंना वाटलं, थोड्या रमने थोडा मऊ होत असेल तर अख्ख्या बाटलीने चांगलाच होईल. मोठ्या परातीत मनुका, वर बाटली उपडी, आणि परात कोठीघरात.

संस्थापकदिनी सकाळी शिपाई हंसीण घेऊन आला. पूर्वी तिला तबेल्यात ठेवत, पण तबेल्यात आता सायकली लागत होत्या.

“बाई, समारंभापर्यंत हिला कुठे ठेवू?”

बाई अंडी फेटत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, “टाक कोठीत.”

केकचं पीठ तयार झालं, तेव्हा बाई मनुका आणायला कोठीत गेल्या. परात लख्ख होती. खुद्द बाईंनी घासली असती तरी इतकी लख्ख झाली नसती. परातीशेजारी हंसीण बसली होती, गळ्यात निळी फीत, आणि बाईंकडे अतिशय प्रेमाने बघत होती.

“फेनसर!” बाई ओरडल्या. मधे पोर नव्हतं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

फेनसर धावत आले. परात बघितली, हुंगली, हंसीण बघितली. हंसिणीने उठायचा प्रयत्न केला आणि ती विचारपूर्वक पुन्हा बसली.

“ही…” सर म्हणाले.

“हो.”

“किती?”

“अख्खी बाटली.”

“देवा! आणि बिशप आलेसुद्धा.”

“आता काय करायचं?” क्लेगबाईंना रडू फुटलं. “माझं तोंड काळं होणार, अँब्रोस. पत्रेवाल्यांनी हंसिणीला दारू पाजली म्हणतील! मला मेलीला केक तरी कशाला करायचा होता? येत नाही मला. सगळ्या गावाला माहीत आहे.”

फेनसरांनी खिशातला रुमाल काढला. त्यावर पीठ होतं, तरी दिला. “एनिड,” ते म्हणाले, “तुमच्या ओट्यावर मी पहिल्यांदा पीठ मळलं तेव्हा मनात आलं, इतक्या स्वच्छ जागी माणसाला काहीही जमेल. ते नशीब नव्हतं, तुमचा ओटा होता. आता डोळे पुसा. हिला कॉफी पाजता येईल का?”

हंसिणीने कॉफी घेतली नाही. मग सरांनी तिला उचललं, बाईंनी फीत सरळ केली, आणि दोघं तिला घेऊन, जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने, मोठ्या सभागृहात शिरले.

सभागृह गच्च भरलं होतं. डावीकडे वरचे, उजवीकडे खालचे. व्यासपीठावर जांभळ्या पोशाखात बिशप. हंसिणीला गादीवर ठेवलं. कीथसाहेब पुढे आले, सगळीकडे एकदा ‘माझा याच्याशी संबंध नाही’ अशा नजरेने बघून घेतलं, आणि कमरेतून वाकले.

हंसिणीने त्यांच्याकडे एक डोळा लावून पाहिलं. मग तिची लांब मान हळूहळू खाली आली, आणखी खाली आली, आणि चोच गादीला टेकली.

ग्रामरचे जुने हेडमास्तर, ज्यांनी उभ्या हयातीत या पक्ष्याचे फक्त चावेच खाल्ले होते, उठून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “वाकली!” ते म्हणाले. “अरे, वाकली!”

हंसिणीने मान वर केली आणि बिशपना वंदन केलं. मग खजिनदारांना. मग पियानोला. मग ती उजवीकडे वळून पत्रेवाल्यांना इतकं खोल वंदन करू लागली की गादीवरून घरंगळली, तशीच चालत बिशपांपर्यंत गेली आणि त्यांच्या बुटावर मान टाकून झोपली. बारीक घोरण्याचा आवाज येऊ लागला.

“केवढी ही विनम्रता!” बिशप हळूच म्हणाले आणि समारंभ संपेपर्यंत त्यांनी पाय हलवला नाही.

मग जो जल्लोष झाला, तो स्केल्बीत लढाई संपली तेव्हाही झाला नव्हता. वरची पोरं खालच्यांच्या गळ्यात पडली. पाई वाटताना रांगा मोडल्या आणि कोण कुठल्या अंगाचं हे कुणाला कळेना. त्या संध्याकाळी मास्तरांच्या खोलीतली एक किटली बिघडली आणि ती दुरुस्त करायची आठवण पुढे कुणाला झाली नाही. कीथसाहेबांनी पेपरवाल्यांना सांगितलं, “परंपरेत काहीतरी अर्थ असतो.” दुसऱ्या दिवशी हंसीण उठली ती भयंकर डोकं धरून, आणि सगळ्यात आधी तिने कीथसाहेबांचा चावा घेतला. नंतरही ते दरवर्षी आशेने वाकत राहिले. ती पुन्हा कधी वाकली नाही.

खरं काय ते दोघांनाच माहीत होतं. आणि दोन माणसांत एक हंसीण असली की लग्नाला फारसा वेळ लागत नाही. वसंतात एकदा भांडी पुसताना फेनसर एकदम लॅटिनमध्ये काहीतरी बोलले, लांबलचक.

“मला लॅटिन येत नाही,” क्लेगबाई म्हणाल्या.

“म्हणून तर. नाही म्हणालात तर भाषेवर ढकलता आलं असतं.”

“आपल्या साध्या यॉर्कशरी बोलीत विचारा.”

“लग्न कराल का?”

“ते फडकं नीट चारी कोपरे जुळवून घडी करा आधी,” बाई म्हणाल्या. सरांनी केली. “करेन.”

लग्नानंतर घरी स्वयंपाक सरांचा आणि भांडी बाईंची, असा करार झाला. तो दोघांनी मरेपर्यंत पाळला. बाईंच्या वडिलांनी जावयाची पहिली पाई खाल्ली, दुसरी घेतली, आणि मग जावयाचा हात बराच वेळ धरून ठेवला.

शाळा मात्र कात टाकत राहिली. बराकी पाडल्या, तिथे तरणतलाव करायचं ठरलं, झाली ती मोटारी लावायची जागा. कीथसाहेब गेले, त्यांच्यामागे टाय लावणारे आले, त्यांच्यामागे टाय काढणारे. एनिड आणि अँब्रोस निवृत्त झाले तेव्हा शाळा ‘कम्युनिटी कॉलेज’ होती. पुढे ती ‘टेक्नॉलॉजी कॉलेज’ झाली, कारण कुणीतरी संगणक दिले होते. गृहशास्त्राचं ‘अन्न तंत्रज्ञान’ झालं. बाई एकदा बघायला गेल्या तर पोरं पुठ्ठ्यावर रंगीत चित्रं काढत होती.

“काय चाललंय?”

“पिझ्झाचा खोका बनवतोय, मिस.”

“आणि पिझ्झा?”

“तो अभ्यासक्रमात नाही, मिस.”

बाई घरी येऊन म्हणाल्या, “अँब्रोस, मी चुकीच्या काळात जन्मले. यात मला पैकीच्या पैकी मिळाले असते.”

शेवटी शाळा ‘अकॅडमी’ व्हायची वेळ आली. एनिड तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या आणि व्यवस्थापन मंडळावर होत्या, कारण त्यांना नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. लंडनहून चकचकीत बुटांचा एक सल्लागार आला. त्याने पडद्यावर नवं नाव दाखवलं, ‘होरायझन स्केल्बी’. खाली उगवता सूर्य.

“यात शाळा कुठे आहे?” एनिडनी विचारलं.

“शाळा हा शब्द लोकांना जरा जुना वाटतो, मिसेस फेन. आम्ही पाहणी केली.”

“मी जुनी आहे. मला विचारलं नाहीत.”

मत घेतलं. एनिड एका बाजूला, बाकीचे सगळे दुसऱ्या बाजूला, आणि पाहुणा म्हणून आलेले अँब्रोस खुर्चीत झोपलेले. उगवता सूर्य मंजूर झाला. एनिडनी नवऱ्याला हलवून उठवलं, मफलर गुंडाळला आणि दोघं बसथांब्यावर आले.

बस आली. चालकाच्या केबिनमध्ये त्यांचाच एक जुना विद्यार्थी, मिशा पिकलेला. काही अंतर गेल्यावर समोरच्या बाकावरची बाई त्याला विचारू लागली, “अहो, ते होरायझन म्हणजे कुठे उतरायचं? माझ्या नातवाला आणायचंय, कालच्या चिठ्ठीत हेच नाव छापलंय.”

“होरायझन?” चालकाने आरशातून मागे बघितलं. “नाही बुवा ऐकलं. क्लेगबाई, हे कुठे आलं?”

“मागे राहिलं,” एनिड म्हणाल्या. “शाळा, रे. हिला शाळेपाशी सोड.”

“मग असं सांगायचं ना, आजी!” तो त्या बाईला म्हणाला आणि त्याने गाडी वळवली.